नाडी धरणाऱ्या हातातला ताओ

प्रश्न असा: चिनी वैद्यकातल्या नाडीपरीक्षेवर ताओवादाचा मोठा प्रभाव आहे असे वाचायला मिळते. तो नेमका कुठे दिसतो, आणि मनगटावर बोटे ठेवणाऱ्याला त्याचा प्रत्यक्ष उपयोग काय?

हा प्रभाव नाड्यांच्या नावांत किंवा वर्गवारीत शोधू नये, तिथे तो जवळजवळ नाही. तो तपासणाऱ्याच्या बाजूला आहे. त्याचे मन कसे असावे, श्वास कसा चालावा, बोट किती दाबावे आणि हाताला जे लागते त्यातल्या कशाला ‘जिवंत’ म्हणावे, या चार गोष्टींत तो स्पष्ट दिसतो. बाकी बरेच काही ‘ताओवादी’ म्हणून खपवले जाते ते तसे नाही, म्हणून आधी तेवढे बाजूला काढू.

यिन-यांग (परस्परपूरक विरोधी शक्तींची जोडी) आणि पंचतत्त्वे (लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी) ही ताओवाद्यांची खास मालमत्ता नव्हे. हान काळातले पंचांगकर्ते, राजकारणी, कन्फ्यूशियसपंथी सगळेच ही भाषा बोलत. संघटित ताओ धर्माची सुरुवात परंपरेने इ.स. १४२ मध्ये झांग दाओलिंगपासून धरतात, आणि नाडीविद्या त्याहून बरीच जुनी आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकात ‘ची’ नावाच्या राज्यातल्या धान्यकोठाराचा अधिकारी असलेला वैद्य छुन्यू यी याच्या २५ रुग्णांच्या नोंदी सिमा च्येनच्या इतिहासग्रंथात आहेत, आणि त्यात निदानाचा मुख्य आधार नाडीच आहे. हुनान प्रांतात चांगशाजवळ मावांगदुई येथे इ.स.पू. १६८ मध्ये बंद केलेल्या थडग्यात रेशमावर लिहिलेली वाहिन्यांची आणि नाडीची टिपणे मिळाली. त्याच थडग्यात ताओवादाचा आद्य आचार्य मानल्या जाणाऱ्या लाओत्झूच्या ग्रंथाच्या दोन प्रती आणि व्यायामाच्या ४४ आकृत्यांचे चित्रही होते. यावरून लोक लगेच ‘बघा, नाडी ताओवादातून आली’ असा निष्कर्ष काढतात. पण आपल्याकडच्या जुन्या कपाटात ज्ञानेश्वरी, पंचांग आणि आजीबाईच्या बटव्याची वही शेजारी शेजारी सापडतात, म्हणून एकातून दुसरे निघाले असे होत नाही. एकाच घरातली माणसे तिन्ही वाचत होती, एवढेच त्यातून कळते.

आणखी एक गोम आहे. चिनी वैद्यकाचा पायाभूत ग्रंथ ‘पीतसम्राटाचा अंतर्ग्रंथ’ म्हणजे ‘ह्वांगदी नेइजिंग’ उघडला की पहिल्याच अध्यायात प्राचीन सिद्धपुरुष आणि दीर्घायुष्य यांची चर्चा येते आणि सगळा ग्रंथ ताओवादी वाटू लागतो. ही मांडणी मूळची नाही. त्याच्या ‘सुवेन’ या भागाची आज वापरात असलेली रचना थांग काळातल्या वांग बिंगने इ.स. ७६२ मध्ये पूर्ण केली, आणि त्याचा ओढा उघडपणे ताओकडे होता. त्याच्या आधीच्या च्वान युआनचीच्या प्रतीत हाच अध्याय नवव्या खंडात होता. म्हणजे पहिल्या पानावरचा ताओवाद बऱ्याच अंशी संपादकाने पुढे आणून ठेवलेला आहे.

आता खरा प्रभाव. चिनी ‘छी’ला, म्हणजे शरीरात वाहणाऱ्या जीवनशक्तीला, मी पुढे ‘प्राण’ म्हणतो. अर्थ तंतोतंत जुळत नाही, पण मराठी वाक्यात निभावतो.

‘सुवेन’च्या सतराव्या अध्यायात एक छोटे वाक्य आहे: नाडी धरण्याचा एक मार्ग आहे, आणि रिक्तता व निश्चलता हेच त्यातले जपायचे धन. मूळ शब्द आहेत ‘शू’ आणि ‘जिंग’. हीच जोडी लाओत्झूच्या सोळाव्या प्रकरणात येते: रिक्ततेची पराकाष्ठा गाठ, निश्चलता घट्ट धर. दुसरा मोठा ताओवादी विचारवंत झुआंगत्झू याने ‘मनाचा उपवास’ सांगताना हेच आणखी पुढे नेले आहे. तिथे कानाने नाही, मनानेही नाही, तर प्राणाने ऐकायला सांगितले आहे, कारण प्राण रिकामा असतो आणि समोरच्याला जागा देतो.

कामाच्या भाषेत याचा अर्थ एवढाच की बोट टेकवण्याआधी निदान ठरवून बसू नये. रुग्ण ‘पित्त झालंय, चिडचिड होते’ म्हणाला की डोक्यात ‘यकृत’ उमटते, आणि मग मधल्या बोटाला (डाव्या मनगटावर यकृताची जागा तिथे धरतात) ताणलेली नाडी हमखास लागते. नाडीपरीक्षेतल्या बहुतेक चुका बोटाच्या नसतात, या आधीच भरलेल्या डोक्याच्या असतात. त्यावर साधा उपाय म्हणजे क्रम उलटा ठेवणे. आधी नाडी धरायची, हाताला लागले ते शब्दांत लिहायचे (वर-खोल, जलद-मंद, रुंद-बारीक, कडक-मऊ), आणि त्यानंतरच तक्रार विचारायची. आजच्या दवाखान्यात तक्रार आधी ऐकावीच लागते. तसे असेल तर दोन्ही हातांची नाडी पाहून होईपर्यंत कुठल्याही अवयवाचे नाव मनात घ्यायचे नाही.

रुग्णाकडूनही निश्चलता हवी. तोच अध्याय पहाटेची वेळ सांगतो आणि कारणेही देतो: यिन अजून हललेले नाही, यांग विखुरलेले नाही, खाणेपिणे झालेले नाही, वाहिन्या फुगलेल्या नाहीत. पहाटे कोणी येत नाही, म्हणून तीच स्थिती शक्य तितकी जमवायची. जेवण होऊन तासभर गेलेला असावा आणि नुकताच चहा-कॉफी झालेला नसावा. जिना चढून आलेल्याला दहा-पंधरा मिनिटे बसवावे. घड्याळ, घट्ट बांगड्या, मनगटाचा पट्टा काढायला सांगावा. हात हृदयाच्या पातळीवर, तळवा वर, मनगटाखाली छोटी मऊ उशी. हात खाली लोंबत असेल तर नाडी भरलेली भासते आणि डोक्याच्या वर असेल तर रिकामी. डायलिसिससाठी फिस्टुला केलेला हात या कामाला घ्यायचाच नाही.

बोटांची जागा अशी. अंगठ्याच्या बाजूला मनगटाजवळ हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या आतल्या अंगाला मधले बोट टेकवायचे. हे ‘गुआन’, म्हणजे नाका. तर्जनी तळव्याकडे, ती जागा ‘त्सुन’. अनामिका कोपराकडे, ती ‘छर’. उंच माणसासाठी बोटे जरा फाकवायची, ठेंगण्यासाठी जवळ घ्यायची. लहान मुलाच्या मनगटावर तीन बोटे मावतच नाहीत, तिथे एकच बोट हलकेच इकडून तिकडे फिरवतात. बोट आडवे सपाट ठेवू नये. किंचित वाकवून टोक आणि गादी यांच्या मधली कड टेकवावी, संवेदना तिथे जास्त असते. नखे वाढलेली असली तर हे जमत नाही आणि रुग्णालाही टोचते.

श्वासाचा भाग सगळ्यात रोचक आहे, आणि इथेच नवशिके अडकतात. अठरावा अध्याय म्हणतो: उच्छ्वासाला दोन ठोके, श्वासाला दोन, मधल्या विश्रांतीत एक, असे पाच ठोके हे निरोगी माणसाचे लक्षण. मोजायचे ते रुग्णाच्या श्वासावर नव्हे तर वैद्याच्या, कारण वैद्य आजारी नाही. तपासणाऱ्याचे शरीर हेच मापनाचे यंत्र ठरते. स्वतःचा श्वास स्थिर करणे ही ताओ साधकांची पहिली पायरी होती आणि नाडीवैद्यानेही ती पहिलीच ठेवली.

हिशेब करून पाहू, इथे ‘एक श्वास’ म्हणजे आत-बाहेर मिळून एक पूर्ण फेरा. तुमचा श्वास मिनिटाला १६ असेल आणि एका श्वासाला साडेचार ठोके लागले तर नाडी ७२ आली, ठीक. आता तुम्ही घाईत आला आहात, श्वास २४ वर आहे आणि रुग्णाची नाडी ९६. एका श्वासाला चारच ठोके पडले, म्हणून तुम्ही ‘सामान्य’ लिहून मोकळे होता. उलट चूक ध्यान किंवा छीगाँग (श्वास आणि हालचालींची चिनी साधना) करणाऱ्यांची असते. ते ‘श्वास जुळवायचा’ म्हणून तो मुद्दाम ८ वर आणतात. मग ७२ ची साधी नाडी एका श्वासाला नऊ ठोके देते, आणि ग्रंथाप्रमाणे एका श्वास-उच्छ्वासात आठ-नऊ ठोके म्हणजे मरणाची नाडी! जुळवणे म्हणजे मंद करणे नव्हे. बसून दोन मिनिटे काहीही न करता जो श्वास आपोआप येतो तोच वापरायचा. आधी काही दिवस घड्याळ लावून स्वतःचा बसल्या जागचा श्वास मोजून ठेवावा. आणि ठोके घड्याळावरही मोजावेत, त्यात परंपरेचा अपमान होत नाही.

‘नानजिंग’ हा ८१ अवघड प्रश्नांचा ग्रंथ (८१ म्हणजे ९ गुणिले ९, लाओत्झूच्या ग्रंथाची प्रकरणेही तेवढीच) पहिल्याच प्रश्नात सांगतो की एका श्वास-उच्छ्वासात प्राण ६ त्सुन (इथे हे लांबीचे माप, वरची बोटाची जागा नव्हे) पुढे सरकतो आणि दिवसरात्रीत १३,५०० श्वास होतात. म्हणजे मिनिटाला साधारण ९.४. आपल्याकडे अजपाजपाचा, म्हणजे दिवसरात्रीतल्या श्वासांचा, आकडा २१,६०० आहे, तो मिनिटाला बरोबर १५ येतो आणि बसलेल्या माणसाच्या श्वासाच्या जवळ जातो. चिनी आकडा मोजून काढलेला दिसत नाही. वाहिन्यांची एकूण लांबी १,६२० त्सुन धरली, तिला ६ ने भागले की २७० श्वासांचा एक फेरा होतो, आणि दिवसाला ५० फेरे धरले की १३,५००. हे विश्वरचनेचे गणित आहे. दवाखान्यात ते लावू नये.

दाबाबद्दल ‘नानजिंग’चा पाचवा प्रश्न सोयाबीनच्या दाण्यांत बोलतो: ३ दाण्यांचा भार म्हणजे त्वचा आणि फुप्फुस, ६ म्हणजे रक्तवाहिनी आणि हृदय, ९ म्हणजे मांस आणि प्लीहा, १२ म्हणजे स्नायुबंध आणि यकृत, आणि हाडापर्यंत दाबून सोडताना मूत्रपिंड. आजचा सोयाबीनचा दाणा ग्रॅमचा एक-दोन दशांश भरतो, म्हणून हे वजन शब्दशः घेतले तर बोट टेकल्यासारखेही वाटणार नाही. इथे आकड्यापेक्षा प्रमाण महत्त्वाचे: १, २, ३, ४ अशा समान पायऱ्या. सरावासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्यावा आणि डोळे मिटून तीन बोटांनी ३०, ६०, ९०, १२० ग्रॅमवर थांबायचा प्रयत्न करावा. पहिल्या दिवशी बहुतेकांच्या पहिल्या दोन पायऱ्या सापडतच नाहीत, बोट थेट तिसरीवर जाते. आणि वरवरची नाडी ज्याने कधी अनुभवलीच नाही तो प्रत्येक रुग्णाची नाडी ‘खोल’ लिहितो. तीन बोटांचे बळही सारखे नसते, अनामिका दुबळी असते. तिला जास्त रेटा द्यावा लागला की मागची जागा (‘छर’) अशक्त असल्याचा भास होतो.

आता मऊपणा. माझ्या मते नाडीपरीक्षेतला सगळ्यात खोल ताओ इथे आहे. लाओत्झूच्या ७६ व्या प्रकरणाचा आशय असा: माणूस जन्मतो तेव्हा मऊ आणि लवचीक असतो, मरतो तेव्हा ताठ आणि कडक, झाडेझुडपेही तशीच, म्हणून कडक ते मृत्यूच्या बाजूचे, मऊ ते जीवनाच्या. ‘सुवेन’ची ‘जठराचा प्राण’ ही कल्पना याच दिशेने चालते. अठरावा अध्याय म्हणतो, माणूस पाण्याधान्यावर जगतो, ते तुटले की मरतो, आणि नाडीत जठराचा प्राण नसेल तरीही मरतो. वसंतात नाडी तारेसारखी थोडी ताणलेली असावी. ताण थोडा आणि मऊपणा भरपूर तर निरोगी, ताण जास्त आणि मऊपणा कमी तर यकृताचा आजार, नुसता ताण उरला आणि मऊपणा गेला तर मृत्यू. पुढच्या अध्यायात यकृताची अंतिम नाडी सुरीच्या धारेवरून बोट फिरवल्यासारखी आणि मूत्रपिंडाची दगडावर टिचकी मारल्यासारखी सांगितली आहे. म्हणजे अवयवाची नाडी ‘शुद्ध’ स्वरूपात लागणे हीच वाईट खूण. ती नेहमी जठराच्या मऊपणात गुंडाळलेली असायला हवी.

हे बोटाला कसे कळते? मधल्या पातळीवर थांबा. मग हाडापर्यंत दाबा आणि सावकाश निम्म्यावर या. जठराचा प्राण असलेली लाट बोटाखाली घाई न करता भरते, शिखर गोल असते, उतरणही दिसते. तो नसलेली नाडी प्रत्येक ठोक्याला एकाच कडेवर आपटते, दाब कमी-जास्त केला तरी तिचा आकार बदलत नाही.

मात्र इथे वैद्यांनी लाओत्झूची साथ सोडली, आणि ते बरे झाले. त्याच्यासाठी मऊ आणि दुर्बळ ही एकच जोडी. नाडीत त्या वेगळ्या करायला लागतात. वर तरंगणारी, बारीक, दाबताच विरघळणारी मऊ नाडी ओलसरपणाचे किंवा थकव्याचे लक्षण आहे, ‘जठराचा प्राण’ नव्हे. आणि उतारवयात धमन्यांच्या भिंती घट्ट झालेल्या असतात, त्या नळीसारख्या लागतात. त्याला लगेच यकृताचा रोग किंवा वाईट खूण म्हणू नये. भिंत कडक आहे की लाट, हे ओळखण्यासाठी दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी काय लागते ते पाहा. तेव्हाही दोरी लागत असेल तर ती भिंत.

मऊपणानंतर मूळ. लाओत्झू मुळाशी परतण्यालाच निश्चलता म्हणतो. ‘नानजिंग’चा चौदावा प्रश्न म्हणतो, माणसाला ‘छर’ म्हणजे झाडाला मूळ. वरची नाडी नसली आणि खालची असली तर फांद्या सुकल्या तरी मूळ शाबूत आहे. आठवा आणि सहासष्टावा प्रश्न हे मूळ बेंबीखाली, दोन मूत्रपिंडांमधल्या ‘हलत्या प्राणात’ ठेवतात. पुढे ताओ साधकांनी आपली अंतर्साधना त्याच परिसरात, बेंबीखालच्या ‘दानतिआन’ नावाच्या शक्तिकेंद्रात केंद्रित केली. व्यवहारात मूळ तपासायचे तर दोन्ही हातांच्या मागच्या जागा खोल दाबून पाहायच्या. इथे एक सापळा आहे. काही माणसांत ही धमनी मनगटाच्या पुढच्या बाजूने न जाता मागच्या बाजूला वळते. नाडी लागली नाही की आधी मनगटाची पाठ चाचपायची, मगच ‘मूळ नाही’ हा शब्द तोंडातून काढायचा.

प्रत्यक्ष ताओ साधूंनी नाडीशास्त्रात काय भर घातली, असेही विचारले जाते. सर्वात ठोस नाव दक्षिण सुंग काळातल्या च्वेइ च्यायानचे, लूशान भागातल्या ताओ साधूचे. तिसऱ्या शतकातल्या वांग शूहच्या ‘माइजिंग’ या नाडीग्रंथात २४ नाड्या आहेत, आणि तो स्वतःच म्हणतो की मनात समजायला सोप्या, बोटाखाली ओळखायला अवघड. च्वेइने त्या सगळ्यांना चार मुळांखाली आणले: वरची, खोल, मंद, जलद. आणि पाठांतरासाठी चार-चार अक्षरांची ओवी केली. पुढे प्रसिद्ध वैद्य ली शिझेनच्या वडिलांनी ती संक्षिप्त केली, आणि ली शिझेनने १५६४ च्या आपल्या २७ नाड्यांच्या पुस्तकात तिला जागा दिली. आजही शिकणारे याच चारांपासून सुरुवात करतात. ताओवाद म्हणजे गूढता असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे: या साधूची देणगी सोपेपणाची आहे. ली शिझेननेच आठ विशेष वाहिन्यांवर लिहिताना म्हटले आहे की आतले हे मार्ग फक्त आत वळून पाहणाऱ्यालाच दिसतात. कोरियात ह जुन या वैद्याने १६१३ च्या ‘तोंगी पोगाम’ या वैद्यकग्रंथाची रचनाच सार, प्राण आणि चैतन्य या ताओ त्रयीवर केली.

दुसरी बाजूही आहे. ‘थाइसू नाडी’ नावाचा एक प्रकार सुंग काळापासून चालत आला. त्यात नाडीवरून पद, पैसा, आयुष्य, मुलेबाळे सांगतात. ताओ डोंगरांची आणि साधूंची नावे त्याला चिकटलेली आहेत, पण अनेक नामांकित वैद्यांनी तो झिडकारला. नाडीवरून तुमचा मागचा जन्म किंवा पुढच्या वर्षीची बढती कोणी सांगत असेल तर ते याच घराण्यातले.

आपल्याकडच्या नाडीपरीक्षेशी तुलना होणारच, म्हणून एक इशारा. चरक-सुश्रुतांत ती पद्धतशीर नाही, ती शार्ङ्गधराच्या संहितेत येते, आणि तिथे उपमा सापाच्या, बेडकाच्या, हंसाच्या गतीच्या आहेत. ‘सुवेन’चा सतरावा अध्यायही वसंतातली नाडी लाटांत पोहणाऱ्या माशासारखी म्हणतो. दोन्हीकडे तीन बोटे आहेत, पण ती वेगवेगळे विचारतात: इकडे तर्जनीखाली वात, मधल्या बोटाखाली पित्त, अनामिकेखाली कफ, तिकडे डाव्या हातावर हृदय, यकृत, मूत्रपिंड आणि उजव्या हातावर फुप्फुस, प्लीहा, मूत्रपिंड किंवा ‘जीवनद्वार’. एकाची बोटे धरून दुसऱ्याचा तक्ता वाचला की दोन्ही चुकतात.

शेवटी, किती वेळ धरायची? हान काळातला थोर वैद्य झांग झोंगजिंग याने आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तेव्हाच्या वैद्यांना झापले आहे की ते ५० ठोकेही मोजत नाहीत. मागे आधार ‘ह्वांगदी नेइजिंग’च्या ‘लिंगशू’ या दुसऱ्या भागाचा: ५० ठोके न थांबता पडले तर पाचही अवयवांना प्राण पोचतो आहे. प्रत्येक हातावर निदान ५० मोजाच, मिनिटभरही लागत नाही. त्यात खंड दिसला तर पाहा: मंद नाडी अनियमित थांबते का, जलद नाडी अनियमित थांबते का, की ठरावीक ठोक्यांनंतरच थांबते. ग्रंथांत या तिन्हींना वेगळी नावे आहेत. पण असा खंड पहिल्यांदा सापडला असेल, किंवा सोबत धाप, छातीत दुखणे, चक्कर असेल, तर बोट काढून त्याच दिवशी ईसीजीला पाठवा. आणि रुग्ण रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गोळी घेतो का हे विचारल्याशिवाय मंद नाडीला ‘शीत’ म्हणू नका. ती मंदगती गोळीची असू शकते.